टिकलीची वही: कुत्र्याची खाज, पोट आणि भीती ओळखायची कशी

टिकलीची आई आमच्या गल्लीतल्या यंत्रमागाच्या शेडमागे व्याली. पाच पिल्लांतलं एक, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, सोलापुरात अशोक चौकाजवळच्या आमच्या घरी आलं आणि आमचंच झालं. आता ती पाच वर्षांची आहे, सोळा किलोची, अस्सल गावठी.

"गावठी कुत्र्याला काही होत नाही" हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि स्वतःही म्हणत होते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी टिकली पंजे चाटून चाटून लाल करायला लागली, तेव्हा पहिले दोन महिने मी ते मनावर घेतलं नाही. मग कान खाजवणं सुरू झालं. मग मधूनच पातळ शी. मग कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली जाऊन बसायला लागली.

तेव्हा मात्र मी घाबरले आणि एका आठवड्यात सगळंच करून टाकलं. शाम्पू बदलला, कडुलिंबाचं तेल चोळलं, दूध बंद केलं, धान्य नसलेलं महागडं खाद्य आणलं, ओळखीतल्या कुणीतरी दिलेल्या खाजेच्या गोळ्या चारल्या. टिकली पंधरा दिवस छान राहिली. महिना होतो न होतो तोच पुन्हा तेच. मधले पंधरा दिवस कशामुळे बरे गेले हे मला सांगताच येईना, कारण पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधाच्या आधी वही घालायला सांगितली. रोज चार ओळी: काय खाल्लं (गल्लीत कुणी टाकलेलंसुद्धा), शी कशी झाली, कुठे आणि किती खाजवलं, त्या दिवशी आसपास आवाज कसले होते. आणि एक अट घातली, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुढे जे लिहिते आहे, ते बरंचसं त्या वहीनेच मला शिकवलं आहे.

खाज म्हणजे लगेच अन्नाची ॲलर्जी नव्हे

कुत्रं खाजवायला लागलं की आपण आधी ताटाकडे बोट दाखवतो. मी तर यंत्रमागाच्या रुईलाही दोष देऊन बसले होते. खरं म्हणजे तपासायचा क्रम उलटा आहे. सगळ्यात आधी पिसवा आणि गोचीड. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. तिथे एखाद-दुसरी पिसू चावली तरी शेपटीच्या मुळाशी केस जाईपर्यंत खाज सुटते. त्यानंतर कातडीवरचा जंतू किंवा बुरशीचा संसर्ग. कानातून आंबूस वास, तपकिरी मळ, बोटांच्या मधे चिकटपणा असला तर बुरशी असण्याची शक्यता मोठी, आणि ती काचपट्टीवर नमुना घेऊन दवाखान्यात लगेच बघता येते. हे दोन्ही निस्तरूनही खाज राहिली, तर मग अन्न आणि हवेतले घटक, म्हणजे धूळ, परागकण, अंथरुणातले डोळ्यांना न दिसणारे किडे.

हवेतल्या घटकांमुळे होणारी खाज बऱ्याचदा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते. अन्नाची खाज बारमाही असते. पंजे, कान, काखा, पोट आणि शीच्या जागेभोवतीचा भाग या तिच्या आवडत्या जागा. फक्त जागा बघून मात्र दोन्हींतला फरक कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही.

गोचिडांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सोलापूरच्या उन्हात आणि दगडी भिंतींत त्यांना चांगलंच मानवतं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे फक्त आत्ता जेवायला आलेल्या. हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो, दर वेळी पोट भरलं की खाली पडतो आणि भिंतीच्या फटीत, चौकटीच्या मागे, पत्र्याच्या सांध्यात जाऊन कात टाकतो. मादी एका वेळी हजारो अंडी घालते. म्हणून अंगावरचे वेचून काम संपत नाही. फटी बुजवणं, अंथरूण कडक उन्हात टाकणं, कुत्र्याला डॉक्टरांनी सांगितलेलं औषध ठरल्या तारखेला न चुकता देणं, हे सगळं सोबत चालायला हवं. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. काडीने चटका देणं, रॉकेल लावणं हे प्रकार करू नका; डिवचलेला गोचीड तोंडातला द्रव जखमेतच ओकण्याची भीती असते.

त्या द्रवातच खरा धोका आहे. एर्लिकिया आणि बाबेसिया हे दोन जंतू गोचीड कुत्र्याच्या रक्तात सोडतो. ताप, जेवणावरून मन उडणं, फिकट हिरड्या, पोटावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. प्लेटलेट घसरलेल्या असतात, पण वेळेवर औषध सुरू झालं तर बहुतेक कुत्री सावरतात. गोळ्यांचा कोर्स साधारण महिन्याभराचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून तो मधेच सोडायचा नाही.

ॲलर्जी आणि न पचणं यांतला फरक

गल्लीतलं एखादं कुत्रं सिलिंडर आणणाऱ्या माणसावर बघा. वर्षभर तो येतो-जातो, कुत्रं मान वर करत नाही. मग एके दिवशी काय होतं कोण जाणे, ते त्याच्यावर भुंकतं, आणि त्यानंतर तो कोपऱ्यावर दिसला तरी भुंकतं. शरीराची प्रतिकारशक्ती ॲलर्जीत तेच करते. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या एखाद्या प्रथिनाला ती अचानक शत्रू ठरवते. म्हणूनच "पण हे तर ती लहानपणापासून खातेय" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. ॲलर्जी होते ती बहुधा ओळखीच्या अन्नाचीच.

न पचणं ही वेगळी गोष्ट. दुधातली साखर फोडणारा पाचक रस बऱ्याच मोठ्या कुत्र्यांच्या आतड्यात कमी पडतो. न फुटलेली साखर पुढे सरकते, पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. यात प्रतिकारशक्तीचा संबंध नाही, खाजही नाही. थोडं दूध चालतं, वाटीभर चालत नाही, एवढंच.

आपल्याकडे अन्नाच्या ॲलर्जीचा संशय आला की आधी भाकरी-चपाती बंद होते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सर्वांत वर गोमांस होतं, ३४ टक्के. त्याखाली दूध-दुभतं १७, चिकन १५ आणि मग गहू १३ टक्के. गोमांस वर आहे ते बहुधा पाश्चात्त्य देशांतल्या कुत्र्यांच्या खाद्यात ते सर्रास असतं म्हणून. आपल्या ताटाचा विचार केला तर आधी संशय घ्यायचा तो चिकनचा आणि दुधाचा.

धान्य कुत्र्याचं नाहीच, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. माणसाजवळ राहता राहता कुत्र्याचं शरीर बदललं. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या पाचक रसाच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, कुत्र्यांत ४ ते ३० सापडल्या. हे संशोधन २०१३ साली आलं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी कुत्र्याला नीट पचते. उलट धान्याऐवजी वाटाणा आणि डाळी भरलेल्या खाद्यांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. टिकलीला मी ते खाद्य निव्वळ महाग आहे म्हणून चांगलं समजून चारत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठ आठवड्यांची परीक्षा

अन्नाची ॲलर्जी ओळखायचा भरवशाचा मार्ग एकच आहे, आणि तो कंटाळवाणा आहे. रक्ताच्या, लाळेच्या, केसांच्या चाचण्या विकल्या जातात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. कुत्र्याने आयुष्यात कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट निवडायचं आणि किमान आठ आठवडे त्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही. पाच आठवड्यांत साधारण ८० टक्के ॲलर्जिक कुत्र्यांत फरक दिसतो, आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक. प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेलं खाद्यही मिळतं की प्रतिकारशक्तीला ते ओळखू येत नाही. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. महाग असतं, पण ज्यांना रोज शिजवणं जमत नाही त्यांना सोयीचं.

टिकलीच्या बाबतीत मटण बाद झालं, कारण रविवारी घरात मटण शिजलं की तिला तिचा वाटा ठरलेला. अंडं, पनीर सगळं खाऊन झालेलं. मासा मात्र आमच्याकडे कधी येत नाही. म्हणून उजनीचा रोहू आणि उकडलेला बटाटा असं ठरलं. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही. काटे काढायला रोज अर्धा तास. कुणी म्हणेल, आपल्या सोलापुरी अळणीतलं मटण दिलं असतं तर? अळणी तिखट नसते, पण बहुतेक घरांत तिला आलं-लसूण, कांदा आणि मीठ असतंच, तेव्हा कुत्र्यासाठी ती अळणी नव्हे. आणि हे पथ्य मोठ्या, धडधाकट कुत्र्याला दोन महिन्यांपुरतं चालतं. वाढत्या पिल्लाला डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असं काही करायचं नाही, हाडं कच्ची राहतील.

परीक्षा मोडते ती ताटात नाही, ताटाबाहेर. आमच्या शेजारच्या अक्का रोज संध्याकाळी दारात बसतात आणि टिकली त्यांच्यासमोर, भाकरीच्या तुकड्याची वाट बघत. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "एवढ्या एवढ्या तुकड्यानं काय होतंय ओ तिला?" एवढ्याशा तुकड्याने होतं. पथ्य पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावं लागलं. मग मी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी डबीत भरून त्यांच्याकडेच ठेवल्या. त्यांना द्यायचा आनंद मिळाला, टिकलीला घ्यायचा, आणि परीक्षा पार पडली. घरात आजी, मुलं, कामवाल्या मावशी, जो कोणी कुत्र्याला प्रेमाने भरवतो त्याला भरवण्याजोगं काहीतरी हातात देऊन ठेवा. नुसतं "देऊ नका" म्हटलं की लपून दिलं जातं.

आणखी एक फट फार थोड्यांच्या लक्षात येते. जंताच्या आणि गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव दिलेली असते. पथ्य चालू असताना बिनचवीचं औषध मागून घ्या.

सहाव्या आठवड्यात टिकलीचे पंजे कोरडे झाले. इथे बहुतेक लोक थांबतात, पण परीक्षेचा दुसरा अर्धा भाग अजून उरलेला असतो: जुनं अन्न एकेक करून परत द्यायचं. खाज परत आली तरच ते गुन्हेगार. ती काही तासांत येऊ शकते, कधी चौदा दिवसही लागतात, म्हणून प्रत्येक पदार्थाला दोन आठवडे. उकडलेलं चिकन दिलं, चौथ्या दिवशी टिकली पंजे चाटत बसली. बंद केलं, थांबलं. नंतर दूध दिलं. खाज नाही, पण रात्रीपर्यंत शी पातळ. म्हणजे चिकनची ॲलर्जी, दूध न पचणं. भाकरी दिली, दोन आठवडे काहीही झालं नाही. भाकरीबद्दल अक्कांचंच बरोबर होतं, आणि मी त्यांना तसं जाऊन सांगितलं.

आपल्या स्वयंपाकघरातली जोखीम

ॲलर्जी एखाद्याच कुत्र्याला असते. विष सगळ्यांना.

भाकरीबरोबर शेंगाचटणी आपल्या हातून सहज जाते. तिच्यात लसूण असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने, वाळवल्याने तो गुण जात नाही. कांद्याचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम झालं की रक्तावर परिणाम दिसतो. दहा किलोच्या कुत्र्याला दोन मध्यम कांदे म्हणजे तेवढं झालं. लसूण त्याहून तीव्र. परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतो, फिकट हिरड्या आणि चहासारखी लघवी, आणि तोवर आपण काय चारलं ते विसरलेलो असतो. वहीचा उपयोग इथेही होतो.

द्राक्षं आणि बेदाणे आपल्या जिल्ह्यात मुबलक. शिऱ्यातला, प्रसादातला बेदाणाही कुत्र्याला देऊ नये. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती चालेल याचा सुरक्षित आकडाच नाही. कारण कैक वर्षं कळत नव्हतं. २०२१ पासून टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं जातं आहे, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणून आमटी-भात कुस्करून घालायची सवय मी तोडली. चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम यांचंही तसंच. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या काचेसारख्या कपच्या होतात. मटणाच्या रविवारी याची आठवण ठेवा.

दूध-भाकरीवर कुत्रं जगतं, हे खरं. पण वाढत्या पिल्लाला त्यात प्रथिनं कमी पडतात, आणि नुसत्या चिकन-भातावर ठेवलं तर कॅल्शियम फार कमी, फॉस्फरस जास्त होऊन पाय वाकतात. घरचं चारणार असाल तर मांस किंवा अंडं, पिष्ट, थोडी भाजी आणि कॅल्शियम यांचं प्रमाण डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. खाद्य बदलताना आठवडाभर हळूहळू बदला.

शी सांगते ते ऐका

हे वाचायला नकोसं वाटेल, पण टिकलीचं अर्धं कोडं शीनेच सोडवलं. जुलाब लहान आतड्यातून आले की शी पुष्कळ होते, दिवसातून दोन-तीनदाच, आणि हळूहळू वजन उतरतं. मोठ्या आतड्यातून आले की थोडी थोडी, पण सतत, कुंथून, शेंबडासारखा चिकटपणा आणि कधी शेवटी ताज्या रक्ताचा थेंब. पहिल्या प्रकारात अन्न, जंत, पचनाचे आजार बघायचे. दुसऱ्या प्रकारात जंत आणि अन्नाबरोबर ताणही बघायचा.

चिकन आणि दूध दोन्ही बंद असूनही टिकलीला मधूनच दुसऱ्या प्रकारचे जुलाब होत. वहीतल्या तारखा मी एका ओळीत लिहून काढल्या. संक्रांतीनंतरचे दोन दिवस. १९ फेब्रुवारीच्या पुढचा दिवस. १४ एप्रिलच्या पुढचा दिवस. विसर्जन. दिवाळी. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम होम मैदानावर होतं, आमच्या घरापासून बऱ्यापैकी लांब, पण कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट. भीतीने रक्तात जे रस सुटतात, ते आतड्यांनाही ढवळून काढतात. परीक्षेच्या दिवशी मुलांचं पोट बिघडतं, तसंच हे.

पिल्लाला रक्ताचे, कुबट वासाचे जुलाब आणि उलट्या एकदम सुरू झाल्या तर मात्र ताण-बीण शोधत बसू नका. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतो, आणि त्यात तास मोजावे लागतात. दीड-दोन महिन्यांपासून सुरू होणाऱ्या लसी आणि त्यांचे पुढचे डोस चुकवायचे नाहीत ते यासाठी.

माग चालतो तेव्हा झोप, फटाका वाजला की थरकाप

हे मला कळायला फार वेळ लागला. आमच्या भिंतीपलीकडे माग चालतात. पाहुण्यांना रात्री झोप येत नाही, टिकली त्या भिंतीला पाठ लावून घोरते. मग दूरच्या फटाक्याला ती का थरथरते?

कुत्र्याच्या पिल्लाचं तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय म्हणजे जग पाठ करायचं वय. त्या दिवसांत जे शांतपणे ऐकलं, बघितलं, हुंगलं, ते पुढे "आपलं" राहतं. टिकली मागाच्या खटखटीतच जन्मली. आणि माग एका लयीत चालतो. पुढचा ठोका कधी पडणार हे अंगाला माहीत असतं. फटाक्याचं तसं नाही. तो कधी वाजेल, कुठून वाजेल, थांबेल का, कशाचाच अंदाज नाही. भीती आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्या बेभरवशाची असते.

अशा वेळी कुत्र्याला जवळ घेतलं तर भीतीची सवय लागते, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. भीती ही भावना आहे, शाबासकी मिळाली म्हणून ती वाढत नाही. ते जवळ आलं तर येऊ द्या, लपलं तर लपू द्या. ओढून बाहेर काढू नका, ओरडू नका. आम्ही आतल्या खोलीत पलंगाला चारी बाजूंनी जाड सोलापुरी चादरी सोडतो, कूलर चालू ठेवतो आणि टिकली तिथे जाऊन बसते. मिरवणुकीच्या दिवशी फिरायला दुपारीच नेऊन आणतो. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर आहे, कारण घाबरलेलं कुत्रं तोंड फिरेल तिकडे पळतं आणि मग घरची वाट चुकतं.

फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधंही आहेत, आणि ती द्यायला लाजू नये. पण औषध भीती कमी करणारं हवं, नुसतं अंग ढिलं करणारं नको. नाहीतर कुत्रं हलू शकत नाही, पण आतून तेवढंच घाबरलेलं असतं. डॉक्टरांना हा प्रश्न स्पष्ट विचारा. शिवाय ते आवाज सुरू होण्याआधी द्यायचं असतं, थरकाप सुरू झाल्यावर नव्हे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

आणखी एक गोष्ट वहीतून निघाली. टिकली कुकरच्या शिट्टीला घाबरायला लागली ती कान दुखायला लागल्यानंतर. दुखणारं कुत्रं आवाजाने जास्त दचकतं. दचकलं की अंग आखडतं, आखडलं की आणखी दुखतं. कान बरे झाले आणि महिन्याभरात शिट्टीचं भय गेलं. मोठ्या वयाच्या, आजवर शूर असलेल्या कुत्र्याला अचानक आवाज सोसेनासे झाले, तर आधी कान, दात, सांधे तपासून घ्या.

एकटेपणाची भीती वेगळी. मुलगा शिकायला पुण्याला गेला, त्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला सोडून आम्ही परतलो, तर दाराची चौकट कुरतडलेली. रागाने केलेलं नसतं ते; बहुतेक कुत्री आपण गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच कासावीस होतात. फोन लावून ठेवा, चित्रण बघा, कळेल. मग एक मिनिट बाहेर, परत. तीन मिनिटं, परत. घाई केली की मागे पडतं.

मे महिना

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. उन्हाळ्यात बरीचशी उष्णता जिभेतून, धापेतून बाहेर टाकायची. पारा ४२-४३ वर गेला की हवाच अंगापेक्षा गरम होते आणि नुसती धाप कमी पडायला लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर फार हाल होतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर धोका, १०६ म्हणजे उष्माघात. दाट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणं दिसलं की आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. अंगभर पाणी ओता आणि पंखा लावा. मात्र मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात लावू देत नाही इतकं तापलेलं असतं. सावलीतल्या हौदातलं किंवा माठातलं पाणी वापरा. पाण्याचा दिवस नसला तरी एक बादली कुत्र्यासाठी बाजूला राहू द्या. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली वाफ कोंडते.

फिरायला न्यायच्या आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो.

माणसांच्या औषधांबद्दल एवढंच, की ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. जठराला जखमा होतात, यकृत आणि मूत्रपिंडं जातात. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. तसा होत नसेल, पोट फुगून नुसते उमासे येत असतील, लघवी अडली असेल, तर रात्र असली तरी फोन करा. आणि कुत्रं चावलंच कुणाला, अगदी घरचं असलं तरी, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. टिकलीची रेबीजची लस दर वर्षी मेमध्येच असते, म्हणून हे इथे लिहिलं.

गणपतीला अजून तीन महिने आहेत. फोनवर ताशाचं आणि फटाक्यांचं ध्वनिमुद्रण आहे; रोज दहा मिनिटं, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात. आधी आवाज, मग लगेच माशाचा तुकडा, असाच क्रम, कारण उलट केलं तर तुकडा दिसला की ती आवाजाला घाबरेल. कान मागे गेले किंवा तिने तुकडा नाकारला, तर आवाज एक पायरी खाली. सोळा पायऱ्यांपैकी आम्ही सध्या पाचवीवर आहोत. काल सहावीवर नेला तेव्हा तिने उठून चादरीकडे बघितलं; वहीत तसं लिहिलं आहे, आणि हा आठवडा पाचवीवरच राहणार आहे.